रक्तदाब शिबिराचे प्रमुख मार्गदर्शक

तांदळाच्या पिंपात हात घातला की हाताला तांदूळ लागावा, यापेक्षा जास्त अपेक्षा जागृतीने त्या सकाळी ठेवली नव्हती. हाताला लागली गोळ्यांची पट्टी. ती काढून पुन्हा हात घातला, तर दुसरी. मग कोपरापर्यंत हात घालून तिने पिंप ढवळलं आणि ताटात पट्ट्यांचा ढीग लागला. सगळ्या भाऊंच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या. एकही फोडलेली नाही.

जागृती बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. अशा वेळी बाकीची माणसं आधी किंचाळतात. तिने आधी पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या, त्या क्रमाने लावल्या आणि भाऊंनी दिवाळीपासून गोळ्या बंद केल्या आहेत असा निष्कर्ष काढला. किंचाळली ती त्यानंतर.

"त्या पिंपातच राहू दे," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "यंदा किडा न्हाय लागला तांदलाला. भाऊंची आयडिया हाय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मना किडा न्हाय लागला तेवढं माहीत हाय."

गोळी फॉइलच्या आत बंद असताना बाहेरच्या किड्याला ती काही करू शकत नाही, शिवाय तुलनेसाठी बिनगोळ्यांचं दुसरं पिंप ठेवलेलं नसल्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही, हे जागृती समजावून सांगू लागली. आईने भाकरी उलटली. शास्त्राला या घरात एवढाच मान होता.

भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसले होते. भिवंडीजवळ, पूर्ण्याच्या पुढे, गोदामांच्या रांगा संपतात असं वाटतं आणि संपत नाहीत, तिथे त्यांचं गाव. समोर जी निळ्या पत्र्याची भिंत दिसते, तिच्याखाली एकेकाळी भाऊंचं भाताचं शेत होतं. आज तिथे औषधांचं गोदाम आहे, आणि त्यातल्या शीतगृहाचं तापमान बरोबर आहे की नाही हे बघायची नोकरी भाऊंच्याच मुलीला लागलेली आहे. माणूस शेत विकतो आणि मुलगी त्याच शेतात पंख्याखाली बसून पगार घेते, याला प्रगती म्हणावं की आणखी काही, हे गावात अजून कोणी ठरवलेलं नाही.

"भाऊ, तुम्ही गोळ्या घेत नाही?"

"न्हाय."

"का?"

भाऊंनी मोबाईल तिच्यासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, केशरी शाल घेतलेला एक देखणा माणूस अतिशय हळू आवाजात बोलत होता.

अमोघराज यांना ओळखत नाही असा माणूस त्या पट्ट्यात सापडणं कठीण होतं. एका मालिकेत ते कैक वर्षं राजवैद्य झाले होते. त्यात त्यांनी राजाला तीनदा विषबाधेतून आणि राणीला एकदा सर्पदंशातून वाचवलं. राजपुत्राचं काही करता आलं नाही, पण त्या नटाला दुसरी मालिका मिळाली होती, त्याला राजवैद्य काय करणार. मालिका संपली तरी अमोघराजांनी दाढी काढली नाही. त्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं आणि औषध कंपन्यांनी, डॉक्टरांनी आणि परदेशातल्या कोणत्या तरी खोलीत जमणाऱ्या बारा माणसांनी मिळून जगाला कसं आजारी ठेवलं आहे, ते दर गुरुवारी सांगायला सुरुवात केली. रक्तदाबावर त्यांचं म्हणणं असं, की वय वाढतं तसा दाब वाढतोच, त्यात आजार कसला. पूर्वीच्या लोकांचा कितीही असला तरी चालायचा. गोळ्या खपेनात, तेव्हा त्या बारा जणांनी आकडा खाली आणला आणि एका रात्रीत निम्मं जग पेशंट झालं.

"हा डॉक्टर नाही, भाऊ. नट आहे."

"नट हाय तर काय झालं? त्याला राजवैद्य उगाच केला काय? कायतरी येत आसंल म्हनूनच केला ना?"

जागृतीला पहिला मोठा धक्का बसला तो इथे. तिने सकाळभर सांगितलं. रक्तवाहिन्या म्हणजे काय, दाब म्हणजे काय, तो वर्षानुवर्षं जास्त राहिला तर मेंदूचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं. कागदावर आकृतीही काढली. भाऊंनी ती उलट धरून पाहिली.

"थोरले काका कशाने गेले, भाऊ?" शेवटी तिने न बोलायचं ते बोलून टाकलं. काका दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता एका अंगाने लुळे पडले होते आणि पावसाळा संपायच्या आत गेले.

"दादा गोली खात व्हता," भाऊ शांतपणे म्हणाले. "मी खात न्हाय. मी हाय, दादा न्हाय. आता तूच सांग."

काका गोळी खायचे ती फक्त डोकं दुखलं की, हे सांगण्यात अर्थ नव्हता. पण भाऊ थांबले नव्हते. त्यांनी समोरच्या निळ्या भिंतीकडे हनुवटी उचलली.

"तिथं काय व्हनार बोलले व्हते? भाजी ठेवायची शेड. चार सायेब आले, चहा प्याले, नकाशा दावला. मी बोललो, ह्यात कायतरी हाय. तवा सगला गाव मना येडा बोलला. तुजी आये पन. मग काय निघालं? सगली जमीन आधीपासून वाटून घेतलेली. चौघा मोठ्या लोकांनी बसून ठरवलं, आन आपल्याला मागून कललं. मोठी मानसं मिलून फसवतात, हे मना कोनी मोबाईलवर सांगाया नको, बाय. मी त्यात व्हतो."

वाईट म्हणजे, जे ते सांगत होते त्यातली जमिनीची गोष्ट खरी होती.

"आन तुजी तर नोकरीच गोल्यांच्या गोदामात," भाऊंनी शेवटचा खिळा ठोकला. "तू त्यांच्याच बाजूनं बोलनार. त्यात तुजा दोष न्हाय."

त्या दिवशी तिने घरातल्या मशीनवर भाऊंचा रक्तदाब जबरदस्तीने मोजला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता. भाऊंनी आकड्याकडे पाहिलं आणि अभिमानाने विचारलं, "आन मना कुठं काय व्हतंय?"

बातमी घराबाहेर जायला भिंतीला कान असावे लागत नाहीत, शेजारी पार्वतीकाकू असल्या की पुरतं. संध्याकाळपर्यंत उपाय येऊ लागले. पार्वतीकाकूंनी लसणाच्या सात पाकळ्या मधात बुडवून आणल्या. कोणी म्हणालं, अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवून बसवा, दाब पायाने निघून जातो. कोणी डाव्या हातात तांब्याचं कडं घालायला सांगितलं. गंमत म्हणजे यातला प्रत्येक उपाय भाऊ बिनतक्रार करायला तयार होते. कडं घातलं, लसूण खाल्ला, कुंडात बसून पाय लाल करून आले. फक्त ज्याने उपयोग होणार होता, तेवढी एक गोळी सोडून.

तेव्हा जागृतीच्या डोक्यात कल्पना आली. एकट्या बापाशी वाद घालून उपयोग नाही. सगळ्या गावाचा रक्तदाब मोजायचा. भाऊंच्या वयाची, भाऊंसारखंच जेवणारी, पण नियमित गोळी घेणारी माणसं भाऊंच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवायची. आकडे शेजारी शेजारी ठेवले की माणूस कसा नाही म्हणेल? भिवंडीतले त्यांचे डॉक्टर शैलेश सरळ स्वभावाचे होते. रविवारी सकाळी दोन मशीन घेऊन येतो म्हणाले. लागणार होतं ते एक सभागृह, काही खुर्च्या आणि एक टेबल.

इथून पुढे जे झालं त्याबद्दल तिने स्वतःला सोडून कोणालाही दोष दिला नाही, हा तिचा मोठेपणा.

समाजमंदिरासाठी पंचायतीत अर्ज करायचा होता. तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो वाचला आणि परत केला. "प्रमुख पाहुणे कोरं आहे."

"पाहुणे नाहीत. रक्तदाब मोजायचा आहे."

"मोजा की. पण पाहुण्याशिवाय कार्यक्रम म्हणजे काय? उद्या विचारलं हॉल कोणाला दिला, तर मी काय सांगू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि बॅनर कुठाय?"

"बॅनर कशाला?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया गेला. ते चूक नव्हते. या तालुक्यात मूल जन्मलं की दाखला नंतर मिळतो, बॅनर आधी लागतो. वाढदिवस, बारसं, दहावीत पास, दहावीत दुसऱ्यांदा पास, नवी गाडी, गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग, कशालाही बॅनर. ज्याला बॅनर नाही ती गोष्ट घडलेली नाही. आणि बॅनरला शास्त्र आहे: वरती एक मोठा चेहरा, त्याखाली मध्यम चेहरे, तळाला शुभेच्छुकांचे चिमुकले चेहरे. कोणाचा चेहरा कोणाच्या वर, यावरून सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचं पाणी घेतलेलं नाही.

हे शास्त्र कोळून प्यालेला माणूस म्हणजे प्रितेश, थोरल्या काकांचा मुलगा. "ताई, तू शिबिर बघ, बॅनर माझ्यावर सोड," तो म्हणाला. जागृतीने मजकूर स्वतः लिहून दिला: मोफत रक्तदाब तपासणी, रविवार सकाळी, समाजमंदिर. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले. फोटोबद्दल काही सांगायला हवं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी ती ड्युटीवरून परतत होती. रिक्षा नाक्यावर वळली आणि तिने ओरडून ती थांबवली.

नाक्याच्या दोन खांबांमध्ये, हायवेवरून कंटेनर चालकांनाही वाचता येईल एवढ्या आकारात, अमोघराज हात जोडून उभे होते. पांढरी दाढी, केशरी शाल, मागून तेजाची किरणं. खाली सोनेरी अक्षरांत: प्रमुख मार्गदर्शक. त्याच्या खाली भाऊ, एका हळदीत काढलेला फोटो, गळ्यात सोन्याची चेन, डोळ्यांवर गॉगल: आधारस्तंभ. मग सरपंच, उपसरपंच, प्रितेश, प्रितेशचे मित्र. तळाशी, पार्वतीकाकूंच्या नातवाच्या शेजारी, डॉ. शैलेश आणि जागृती: शुभेच्छुक. डॉक्टरांचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून तिथे स्टेथोस्कोपचं चित्र टाकलं होतं.

"प्रितेश, हे काय केलंस?"

"काय झालं? मस्त आलाय ना?"

"ज्या माणसाच्या विरोधात शिबिर आहे, त्याचाच फोटो लावलास?"

"विरोधात?" प्रितेश खरोखरच चकित झाला. "ताई, बीपीबद्दल सगल्यात जास्त कोन बोलतो? तो. मग बीपीच्या बॅनरवर कोनाचा फोटो लावनार? स्टेथोस्कोपला बघून कोन येतो?"

"त्यांना विचारलंस तरी का?"

"बॅनरवर फोटो टाकायला कोन कोनाला विचारतो? देवांना विचारतात काय?"

या युक्तिवादात कुठे तरी चूक होती, पण ती बोट ठेवून दाखवता येईना. बॅनर काढायचा म्हणाल, तर त्यावर सरपंचांचा फोटो होता. सरपंच खाली उतरवायचे, तर समाजमंदिर रद्द. शिवाय भाऊ संध्याकाळी नाक्यावर जाऊन समोरच्या चहाच्या टपरीवर बराच वेळ बसून आले होते. इतक्या खुशीत तिने त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तोपर्यंत बॅनरचा फोटो मोबाईलमागून मोबाईल पार करत पार अमोघराजांच्या ऑफिसात पोहोचला. शनिवारी फोन आला. सरांचं वज्रेश्वरीच्या बाजूला शूटिंग आहे, वाटेवर आहे, तेव्हा सर शिबिराला नक्की येतील. जागृतीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून विचारलं, "मॅडम, सत्कार शाल-श्रीफळानेच आहे ना?"

रविवारी समाजमंदिरात उभं राहायला जागा नव्हती. अख्खं गाव होतंच, शिवाय शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली होती. डॉ. शैलेश दोन मशीन घेऊन टेबलामागे बसले होते. "जागृती, मला वाटलं वीस-पंचवीस माणसं असतील," ते म्हणाले. त्यांनी बाहेरचा बॅनर पाहिला होता. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, हेच जास्त बोचलं.

अमोघराज आले. जागृतीने ठरवलं होतं की हा माणूस लबाड दिसेल. तो लबाड दिसत नव्हता. त्याने म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार केला. भाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "शेत कुठे होतं, भाऊ? काय पिकायचं?" भाऊ सांगत राहिले आणि तो ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही, घड्याळ बघितलं नाही, आकृती काढली नाही. जागृतीच्या लक्षात आलं की तिच्या जन्मात भाऊंना हा प्रश्न कोणी विचारलेला तिने ऐकला नव्हता. तिनेही नाही.

मग तो माईकवर बोलला. हळू, एकेक शब्द ठेवत. "तुम्हाला अडाणी म्हणतात. पण तुम्ही अडाणी नाही. तुम्हाला आतून कळतं, की काहीतरी चुकतंय." आणि दुसरा मोठा धक्का हा, की जागृतीची मान हलली. पूर्ण वाक्यभर ती होकार देत होती. वाक्य संपल्यावर तिने मान जागेवर धरली.

"सर," ती उठली. माईक नव्हता, पण आवाज मोठा होता. "एवढं सगळं सांगता, तर तुमचा रक्तदाब इथे, सगळ्यांसमोर मोजून दाखवाल?"

सभागृहात कुजबुज झाली. तिची अटकळ सोपी होती. या वयाच्या, एवढं फिरणाऱ्या, एवढं सत्काराचं जेवणाऱ्या माणसाचा दाब वाढलेलाच असणार. अमोघराज हसले, शाल बाजूला केली, खुर्चीत टेकून बसले, पाय जमिनीला लावले आणि डोळे मिटले. डॉ. शैलेशनी पट्टा बांधला.

"एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टाळ्यांनी पत्रे हलले.

"आता ताई, तुमचा बघू," अमोघराज मवाळपणे म्हणाले.

नाही म्हणता येत नव्हतं. ती बसली. पट्टा घाईत बाहीवरूनच बांधला गेला. तिने आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, सकाळपासून चार कप चहा झाला होता, खुर्च्या तिनेच उचलल्या होत्या, आणि पट्टा फुगत असताना ती डॉक्टरांना सांगत होती की पट्टा बाहीवर नको. मशीनने विचार केला आणि आकडा दाखवला. डॉ. शैलेशनी मशीन स्वतःकडे वळवलं.

"सांगा, डॉक्टर," अमोघराज म्हणाले.

"एकशे अडुसष्ट. एकशे चार. पण हे..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. अमोघराजांनी माईक तोंडाजवळ घेतला. आवाज आणखी हळू केला. "ताई कामाला कुठे असते?"

"गोल्यांच्या गोदामात," पहिल्या रांगेतून चौघांनी एकदम सांगितलं.

अमोघराज काहीच बोलले नाहीत. नुसते डोळे मिटून उभे राहिले. त्या शांततेत सगळ्या सभागृहाने आपापला निष्कर्ष स्वतः काढला, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा परत करत नाही.

जागृती उभी राहून कारणं सांगू लागली. झोप, चहा, खुर्च्या, बाही, बोलणं, राग, पट्ट्याचा आकार. एक एक कारण खरं होतं, आणि प्रत्येक कारणागणिक ती जास्तच गुन्हेगार दिसत होती. मागून पार्वतीकाकूंचा आवाज आला, "जाऊ दे गं बाय, बस खाली. अजून वाढंल."

तिला वाटलं, सगळं संपलं. आता भाऊ मरेपर्यंत गोळीला हात लावणार नाहीत. तिने हिंमत करून त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊ टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते उठले, अमोघराजांच्या बाजूने असे गेले की जणू तिथे खांब उभा आहे, आणि जागृतीचा हात धरला. "घरी चल."

"भाऊ, हे खरं नाही. एका मोजणीवरून काही..."

"चल बोललो ना."

सत्काराची शाल आणि नारळ भाऊंच्या हस्ते द्यायचे होते. ते शेवटी प्रितेशने दिले. त्याच्या फोटोला पुढे महिनाभर त्याने स्टेटसवर जागा दिली.

घरी भाऊंनी तिला कॉटवर आडवं केलं. पंखा लावला. आईला बजावलं की हिच्या जेवणात मीठ घालू नको, लोणचं दावू नको. जागृती उठून बसली.

"भाऊ, बीपी असं काही नसतंच ना? बारा लोकांनी काढलेलं आहे ना?"

"म्हाताऱ्याचं वेगलं," भाऊ म्हणाले. "वय झालं की वाढनारच. तुजं वय काय? ह्या वयात वाढला म्हंजे आजार झाला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या पाण्याच्या घडवंचीकडे बघत राहिले. "दादाचा पन लवकरच वाढला व्हता. आमच्या घरातच हाय ते."

संध्याकाळी डॉ. शैलेश घरी आले. ती शांत बसल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, थोड्या वेळाने पुन्हा. दोन्ही वेळा अगदी व्यवस्थित. जागृतीने सुटकेचा श्वास टाकला आणि ही आनंदाची बातमी सांगायला तोंड उघडलं.

त्याच वेळी भाऊ म्हणाले, "डॉक्टर, तिला गोली लिवून द्या. ती खानार न्हाय, मना ठावं हाय. हट्टी हाय, माज्यावर गेली. म्हनून मीच तिच्यासंगं खानार. ती एक, मी एक. तिनं चुकवली तर मी पन चुकवीन."

डॉक्टरांनी जागृतीकडे पाहिलं. आईने जागृतीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भाकरीपेक्षा मोठं काहीतरी होतं. जागृतीच्या ओठांवर संपूर्ण सत्य तयार उभं होतं, दोन आकड्यांसह. तिने ते गिळलं. गिळताना त्याची चव कशी होती, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

ओट्यावर तिने डॉक्टरांना गाठलं. "मला रक्तदाब नाही, आणि मी रक्तदाबाची गोळी घेणार नाही."

"मी ती देणारही नाही," डॉ. शैलेश म्हणाले. "खोटं प्रिस्क्रिप्शन मी लिहीत नाही." मग गाडीची किल्ली फिरवत जरा थांबले. "कॅल्शियम मात्र तुम्हा गोदामात बसणाऱ्या मुलींना कमीच पडतं. ते देतो. कशावरची गोळी आहे, हे मी भाऊंना सांगणार नाही, आणि ते विचारणारही नाहीत."

अशा रीतीने, ज्या मुलीने सगळ्या गावाला खरं काय ते दाखवायला समाजमंदिर घेतलं, तिच्या स्वतःच्या घरात तीन माणसांनी संगनमत करून चौथ्याला अंधारात ठेवायला सुरुवात केली. जागृतीला याचा धक्का रोज नव्याने बसत असे, साधारण न्याहारीच्या सुमाराला.

बाहेर तर धक्क्यांना सुमार नव्हता. शिबिराची चित्रफीत सगळीकडे गेली होती: गोळ्यांच्या गोदामात काम करणाऱ्या मुलीचं काय झालं ते पाहा. गोदामाच्या फाटकावरचा रखवालदार रोज तिच्यासाठी खुर्ची पुढे करू लागला. "बैठिए मैडम. आप वही हैं ना, बीपीवाली? मेरी बीवी ने भी देखा. बहुत रोई." साहेबांनी बोलावून विचारलं की कंपनीची बदनामी करण्यामागे तिचा हेतू काय. कल्याणहून बघायला येणार असलेलं एक स्थळ आलंच नाही. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण इतक्या लहान वयात. आईने तो निरोप ऐकून पदर डोळ्यांना लावला, आणि मग पदराआडून जागृतीला खूण केली की भाऊंसमोर काही बोलू नकोस.

ती काहीच बोलली नाही. रोज सकाळी न्याहारी झाली की भाऊ दोन फुलपात्रं पाणी आणत. एक तिच्यासमोर, एक स्वतःसमोर. "घे." ती घेई, मग ते घेत. तिने गिळल्याशिवाय ते गिळत नसत, आणि तिचं तोंड उघडून बघत, जसं ती लहान असताना बघत. महिन्याने डॉ. शैलेशनी मोजलं तेव्हा भाऊंचा आकडा कितीतरी खाली आला होता. घराबाहेर त्यांची मतं होती तिथेच होती. गुरुवारी अमोघराज लागतच. पारावर ते ठासून सांगत, "कंपन्यांचं कारस्थान हायच. मी आपला पोरीला सोबत म्हनून खातो."

एका सकाळी मात्र भाऊंचा हात तोंडाजवळ जाऊन थांबला. त्यांनी स्वतःच्या तळहातावरची गोळी बघितली. मग तिच्या तळहातावरची. पुन्हा स्वतःची.

"बाय, ह्यात कायतरी हाय."

आईच्या हातातला पेला वाजला.

"एकच आजार," भाऊ म्हणाले. "एकच डॉक्टर. मग माजी गोली येवढीशी आन तुजी येवढी मोठी कशी?"

इतके महिने ज्या माणसाला तिने रक्तवाहिन्या, मेंदू, मूत्रपिंड, आकडे आणि आकृत्या दिल्या होत्या, तो पहिल्यांदा योग्य दिशेने, निव्वळ निरीक्षणावरून, अगदी बरोबर संशय घेत होता. शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तिने त्याचं कौतुक करायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. हळू, एकेक शब्द ठेवत.

"लहान वयाला मोठी गोळी लागते, भाऊ. वय वाढलं की अंगात ताकद साठलेली असते. मग लहानच पुरते."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. तिने श्वास रोखला. कोणत्याही क्षणी भाऊ विचारतील, कशावरून, कोण म्हणतं, कुठे लिहिलंय. ते विचारतील म्हणून ती घाबरली होती, आणि आतून कुठेतरी त्यांनी विचारावं अशी आसही लावून बसली होती.

भाऊंनी मान डोलावली. गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले, आणि फुलपात्र खाली ठेवत म्हणाले, "मग इतकं दिवस आसं सरल का न्हाय सांगितलंस?"